गणपती आणताना फोन कुठे ठेवायचा?

आमच्या घरचा गणपती चालत येतो. दांडिया बाजारातून निघायचं, सुरसागरच्या काठाने न्यायमंदिर, तिथून खंडेराव मार्केट, आणि मग राजमहाल रोडवरून आत आमच्या गल्लीत. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. बाबा होते तोवर बाबा आणायचे, त्यांच्यानंतर दादा. दादा दोन वर्षांपूर्वी टोरांटोला गेला. गेल्या वर्षी चुलतभावाने मूर्ती स्कूटरवर पायांशी ठेवून आणली. सुखरूप आणली, त्याची काही चूक नाही. आई त्या दिवशी काही बोलली नाही. विसर्जनाच्या दिवशी मात्र हळूच म्हणाली, ''पुढच्या वर्षी चालत आणा रे त्याला.''

म्हणून या वर्षी माझी पाळी. शिवाय जूनमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बाजारही माझ्याकडेच. हरतालिकेच्या दिवशी सकाळी बाजार आणि संध्याकाळी गणपती, असा एका दिवसाचा कार्यक्रम. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, तीस मुलांच्या वर्गावर एकाच वेळी नजर ठेवते, तेव्हा मला वाटलं यात काय एवढं.

आईने यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. बोलून टाइप केलेली, त्यामुळे 'केवडा'चं 'केवढा' आणि 'आघाडा'चं 'आघाडी' झालेलं. मी ती व्यवस्थित उतरवून फोनच्या नोट्समध्ये घातली, प्रत्येक ओळीपुढे टिक करायची चौकट. दुर्वा, केवडा, जास्वंद, शमी, पत्री, पाच फळं, नारळ दोन, विड्याची पानं, सुपाऱ्या, तांदळाची पिठी, हरतालिकेच्या पूजेचं वेगळं. एकवीस ओळी झाल्या. एकवीस आकडा पाहून शुभ वाटलं.

आता खंडेराव मार्केट तुम्हाला सांगायला नको. १९०६ सालची इमारत, पुढे महानगरपालिकेचं कार्यालय, मागे भाजी, फळं, फुलं. बडोद्यातल्या मराठी घरांमधल्या सणांचा अर्धा हिशेब तिथे होतो. पण एरवीचं मार्केट वेगळं आणि गणपतीच्या आदल्या दिवसाचं वेगळं. फुलवाल्या बायका रस्त्यापर्यंत आलेल्या, झेंडूचे ढीग, मधून स्कूटर काढणारे लोक, आणि पाऊस नुकताच थांबलेला, त्यामुळे सगळीकडे चिखल आणि पानं.

माझ्या डाव्या हातात एक कापडी पिशवी, उजव्या हातात दुसरी, आणि उजव्याच हातात फोन. पिशवीचे बंद मनगटावर, फोन चार बोटांवर आणि अंगठा मोकळा. हे तुम्ही केलंय का? पिशवीत पहिला नारळ पडेपर्यंत सगळं ठीक असतं. नारळ पडला की मनगट खाली ओढलं जातं, फोन वाकडा होतो, आणि अंगठा जिथे पोचायला पाहिजे तिथे पोचत नाही. यादीतली टिक करायची चौकट नेमकी डावीकडे वर. मी 'शमी'वर टिक करायला गेले आणि 'सुपाऱ्या' खोडून टाकल्या.

२०१३ साली स्टीव्हन हूबर या अमेरिकन डिझायनरने रस्त्यांवर, थांब्यांवर, सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्या १३३३ लोकांचं नुसतं निरीक्षण करून नोंद ठेवली होती. त्यात स्क्रीनला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते. तेव्हाचे फोन आजच्यापेक्षा लहान होते. त्यानंतर फोन वाढत गेला, माझा अंगठा मात्र तेवढाच राहिला. आणि दुसऱ्या हातात काय होतं, हा प्रश्न खंडेराव मार्केटमध्ये फारसा उरत नाही. दुसऱ्या हातात पिशवी असते.

आईचा फोन तीनदा आला. पहिल्यांदा, ''केवडा बघून घे, आतून काळा नको.'' दुसऱ्यांदा, ''पाच फळांत सीताफळ मिळालं तर बघ.'' तिसऱ्यांदा मी उचलूच शकले नाही. पाणी शिंपडलेली जास्वंद हाताळून बोटं ओली झाली होती आणि स्क्रीन माझं ऐकेना. हिरवं बटण मी चारदा ओढलं, ते चारदा परत आलं.

वर्गात मी हेच शिकवते, म्हणून इथे दोन वाक्यं सांगते. आपल्या फोनच्या काचेखाली डोळ्याला न दिसणारी विद्युतवाहक जाळी असते. बोट टेकलं की त्या जागेचा विद्युतभार किंचित बदलतो, कारण आपलं शरीरही वीज वाहून नेतं, आणि फोन समजतो की इथे स्पर्श झाला. पण पाणीही तेच करतं. काचेवर पाणी पसरलं की फोनला बोट कुठलं आणि थेंब कुठला ते कळेनासं होतं. जाड कापडातून किंवा नखाच्या टोकाने हा स्पर्श होत नाही, पण नाकाने होतो. हे मी त्या दिवशी प्रयोगाने सिद्ध केलं. फुलवालीसमोर उभी राहून मी नाकाने फोन उचलला. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं.

''काय गं, किती वेळ?'' आई.

''अगं, हात भरलेत.''

''मग फोन कशाला हातात घेतलायस?''

''तूच तर करतेयस!''

यावर दोघी गप्प. मग आई म्हणाली, ''बरं, ठेवते,'' आणि तिनेही तो ठेवला नाही, मीही नाही. मला तो बंद करता येत नव्हता आणि तिला बाजाराचा आवाज ऐकायचा होता, असं नंतर कळलं.

दुर्वांचे पैसे दिले तेव्हाची गोष्ट. क्यूआर कोड दुर्वांच्या टोपलीमागे, प्लास्टिकच्या कागदाखाली, वर पाण्याचे थेंब. दोन्ही पिशव्या कोपरात सरकवल्या, वाकले, फोन सरळ धरला, कोड काही पकडेना. ''बेन, पहेलां फोन मूको, पछी भाव करो,'' बाजूचा फळवाला म्हणाला. त्याला वाटलं मी अजून भाव करतेय. शेवटी कोड लागला, पिन टाकला, गोल गोल फिरलं आणि हिरवी खूण आली. तिच्या डब्यातून बाईंचा आवाज आला, पैसे मिळाले. ती हिरवी खूण पाहिली की डोक्यात काम झाल्याची घंटा वाजते. मी चालू लागले.

मागून हाका, ''बेन! धरो! धरो!''

मला ऐकू आलं 'धरा'. मला वाटलं पिशवी सुटतेय, म्हणून मी दोन्ही पिशव्या छातीशी कवटाळून आणखी जोरात चालू लागले. बडोद्यात जन्म काढला, गुजराती दुर्वांना 'धरो' म्हणतात हे मला पाचव्या वर्षापासून माहीत आहे, पण त्या घाईत कान मराठीत होते. ती बाई धावत आली आणि दुर्वांची जुडी माझ्या नाकापुढे धरली. पैसे देऊन दुर्वा तिथेच ठेवून आले होते. तिला बघायला मी वळले ती थेट एका उभ्या स्कूटरच्या हँडलवर. फोन हातातून निसटला आणि पालथा पडला, झेंडूच्या पाकळ्यांच्या चिखलात.

काच वाचली. पण मी त्या कट्ट्यावर दोन मिनिटं बसले, आणि खिशातल्या रुमालाने फोन पुसताना आई बाजार कसा करायची ते आठवलं. मी शाळेत असताना तिच्याबरोबर यायचे तेव्हा ते मी शंभरदा पाहिलेलं, बघितलं मात्र कधीच नव्हतं.

आई दोन्ही पिशव्या एकाच हातात धरायची, डाव्या. जड खाली, फुलं वर. उजवा हात नेहमी रिकामा. त्या हाताने ती वांगं दाबून बघायची, पैसे द्यायची, माझं मनगट पकडायची. पैसे गळ्यातल्या बटव्यात, दहाच्या नोटा वेगळ्या, सुटे वेगळे. यादी तिच्याकडे कधी नव्हती. तिला वस्तू पाठ नव्हत्या, दुकानं पाठ होती. कोपऱ्यावरच्या नारळवाल्यापासून सुरुवात, मग पिठीचं दुकान, फळं, पानं, आणि सगळ्यात शेवटी फुलं, कारण फुलं चुरगळतात. दुकानासमोर उभं राहिलं की तिथे काय घ्यायचं ते आपोआप आठवायचं. माझी यादी पूजेच्या क्रमाने होती, म्हणून मी आधी दुर्वा घेतल्या आणि त्यांच्यावर नारळ टाकले.

तिच्याकडे तेव्हाही फोन होता, बटणांचा, टॉर्च असलेला. त्यातल्या पाचच्या बटणावर एक बारीक टिंब असायचं. त्या टिंबावर अंगठा ठेवला की बाकीची बटणं न बघता सापडायची. आई बटव्यातच हात घालून घरचा नंबर लावायची आणि मग फोन बाहेर काढायची. डोळे भाजीवर. आजच्या काचेला कुठेही टिंब नाही, सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बघितल्याशिवाय ती काही करू देत नाही.

हे मी जुनं ते सोनं म्हणून सांगत नाहीये. आईच्या बटव्यातून एकदा मंगळ बाजारात आठशे रुपये गेले होते, ते तिला आजही आठवतात. आणि सुट्यांसाठी होणाऱ्या भांडणातून यूपीआयने सोडवलं, हे तीही मान्य करते. पण मी उठले, फोन पिशवीत टाकला, दोन्ही पिशव्या डाव्या हातात घेतल्या आणि उरलेला बाजार दुकानं बघून केला. तीन वस्तू विसरले. त्यातली एक नंतर घरातच सापडली.

संध्याकाळी सहाला मी आणि काकांचा सातवीतला मुलगा दांडिया बाजारात. दादाशी आधीच ठरलेलं होतं. आपल्या साडेसहाला टोरांटोत सकाळचे नऊ. तो ऑफिसला जायला निघालेला असणार, तेव्हा व्हिडिओ कॉल करायचा, म्हणजे गणपती निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तो बरोबर. हा त्याचा हट्ट होता. दोन महिने तो विचारत होता, ''मूर्ती कोण धरणार? आणि फोन कोण धरणार?'' पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी. दुसऱ्याचं, काकांचा मुलगा. त्याच्या मते तर पहिला प्रश्न दुय्यम होता.

या सुमारास दांडिया बाजार बघण्यासारखा असतो. आपल्या राजवाड्याचा गणपतीही याच दांडिया बाजारातून पालखीत बसून जातो, तेव्हा बाकीच्यांच्या चालण्यालाही थोडा रुबाब येतो. कुणी पाटावर, कुणी परातीत, कुणी गाडीच्या मागच्या सीटवर आजींच्या मांडीत. आमचे मूर्तिकार बाबांपासूनचे. त्यांनी पाटावर नऊ इंची शाडूची मूर्ती ठेवली, चेहऱ्यावर उपरणं टाकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ''या वर्षी ताई का? बरं. दोन्ही हात रिकामे करा.''

मी हात पुढे केले. उजव्या मनगटाला फोनची दोरी लोंबत होती.

''रिकामे म्हणजे रिकामे,'' ते म्हणाले.

शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा जड असते. पाट दोन्ही हातांनी खालून धरायचा, छातीशी, कोपरं अंगाला. तो एकदा हातात आला की आपले हात आपले राहत नाहीत. नाक खाजलं तर खाजवता येत नाही, केस डोळ्यावर आले तर येऊ द्यायचे. बाबा दरवर्षी हे करायचे आणि मला वाटायचं, नुसतं चालायचंच तर आहे.

काकांचा मुलगा फोन घेऊन पुढे, तोंड माझ्याकडे, चाल उलटी. दादा स्क्रीनवर. ''थोडा खाली घे रे, गणपती दिसत नाही.'' ''आता मागचं दाखव.'' ''अरे, तुझं बोट आलं मध्ये.'' पोरगा फोन कधी आडवा करी, कधी उभा, आणि उलटा चालत राही. मी दोनदा म्हटलं, मागे बघ. तो म्हणे, बघतोय, आणि स्क्रीनच बघे.

सुरसागरच्या वळणावर मागून एक रिक्षा आली. फार वेगात नव्हती. पण पोरगा रस्त्याच्या कडेवरून खाली उतरत होता, एक पाऊल हवेत, नजर फोनमध्ये. एरवी मी हात लांबवून त्याची कॉलर पकडली असती. तीन फुटांवर होता. माझे हात लांबलेच नाहीत. हात पाटाखाली होते आणि पाटावर गणपती होता. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी आधी पाट घट्ट धरला आणि मग ओरडले.

रिक्षावाल्याने हँडल फिरवलं. पोरगा बाजूच्या पान टपरीच्या फळीला टेकून खाली बसला. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. फोन त्याच्या मुठीत तसाच. त्यातून दादा विचारतोय, ''काय झालं? अरे, आकाश का दिसतंय?''

रिक्षावाला थांबला, पोराकडे बघितलं, गणपतीकडे बघून हात जोडले आणि मग आम्हाला दोघांना जे बोलायचं ते बोलला. बरोबरच बोलला.

मी पोराला म्हटलं, फोन माझ्या पिशवीत टाक. माझ्या खांद्याला बाबांची जुनी शबनम होती, तिच्यात घरच्या किल्ल्या आणि एक नॅपकिन. दादा म्हणाला, ''अगं, मग मला काही दिसणार नाही.'' मी म्हटलं, ''नको दिसू दे. ऐक.'' कॉल तसाच ठेवून त्याने फोन शबनममध्ये टाकला, वर नॅपकिन. पिशवी माझ्या काखेखाली बसली. पोराच्या हातात त्याच्या खिशातले टाळ आले. जरा थरथरत वाजायला लागले, मग नीट.

आम्ही चालू लागलो. थोडा वेळ पिशवीतून काहीच आवाज नाही. मला वाटलं, कॉल तुटला. मग काखेतून दादाचा आवाज, ''गार वारा लागतोय का? सुरसागर ना?''

त्याला तिकडे वारा कसा कळला, मी विचारलं. तो म्हणाला, ''टाळांचा आवाज मोकळा झाला. मघाशी भिंतीतून येत होता.''

तलावाच्या काठाने चालताना खरंच आवाज पसरतो. मी तिथून हजारदा गेले असेन, लक्षात कधी आलं नव्हतं. मध्यभागी महादेवाची १११ फुटांची मूर्ती, तिच्याकडे बघण्यातच डोळे गुंतलेले असतात. दादा विचारत गेला, मी सांगत गेले. म्युझिक कॉलेजवरून जातोय का? हो. आतून काही ऐकू येतंय? नाही, बंद आहे. बाबा आपल्याला तिथे थांबवायचे, आठवतं? आठवतं. गायनाचा वर्ग सुटेपर्यंत थांबवायचे आणि आम्हाला वाटायचं ते दमलेत.

मग बराच वेळ एका मंडळाच्या मोठ्या गणपतीचा आवाज. त्यात काही बोलणंच शक्य नव्हतं. ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर, आमचा गणपती त्यांच्या चाकाएवढा. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर चढून उभे राहिलो. पाटाखाली माझी मनगटं दुखायला लागलेली. पोराने न सांगता पाटाची एक बाजू खालून धरली. त्याच्याकडे आता दोन हात होते ना.

आवाज पुढे गेला तसं काखेतून, ''स्टेशन, स्टेशन!'' मला वाटलं दादा ओरडतोय. तो नव्हता. न्यायमंदिरासमोरचे शटल रिक्षावाले. दादाने ते तिकडून ऐकलं आणि हसला. ''न्यायमंदिर आलं.'' १८९६ सालच्या त्या इमारतीतून कोर्ट हललं, पण रिक्षावाल्यांच्या लेखी ती जागा अजून तीच. दादाची पहिली नोकरी अलकापुरीत होती, इथूनच तो शटल पकडायचा. तो म्हणाला, ''मीही चालतोच आहे. एका हातात कॉफी, खांद्याला लॅपटॉप. फोन खिशात.'' म्हणजे आम्ही दोघंही फोन न बघता चालत होतो, मध्ये साडेनऊ तासांचं अंतर ठेवून.

खंडेराव मार्केटच्या कोपऱ्यावर सकाळच्या त्या दुर्वावाल्या बाई टोपली आवरत होत्या. त्यांनी मला ओळखलं, माझ्या हातातला गणपती बघून उठून उभ्या राहिल्या, राहिलेल्या दुर्वांतली एक काडी उपरण्यावर ठेवली. ''आजे फोन नथी?'' त्यांनी विचारलं. पिशवीतून दादा म्हणाला, ''छे ने, बेन!'' बाई दचकून मागे सरल्या आणि मग इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना, आणि पाट हलायला लागला तेव्हा मात्र दोघींनी तोंड मिटलं.

राजमहाल रोडवर दादा काही बोलला नाही. टाळ वाजत होते, आमच्या चपला वाजत होत्या. गल्लीत वळल्यावर जोशीकाकूंच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली, तेव्हा त्याने फक्त ''हं'' केलं.

दारात आई उभी होती. काठी घेऊन, उपासाने जरा उतरलेली, हातात ताम्हन. काकूने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आईने कुंकू लावलं, ओवाळलं, उपरणं बाजूला केलं. मी पाट चौरंगावर ठेवला आणि हात मोकळे झाले तर ते सरळच होईनात. बोटं पाटाच्या आकारात वाकलेली. पोरगा गुडघ्याचा पराक्रम सगळ्यांना सांगत होता, त्यात रिक्षा बस झाली होती.

फोनची आठवण मला आरतीच्या तयारीत आली. शबनम खुंटीला लावली होती. काढून पाहिलं तर कॉल चालूच. एक तास चार मिनिटं. स्क्रीनवर दादाच्या ऑफिसच्या बाहेरचं बाक, बाकावर कॉफीचा कप, आणि कडेला दादाचा अर्धा चेहरा. तो आत गेलाच नव्हता.

एकच व्यवहारी गोष्ट सांगून टाकते, कारण दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं. फोन पिशवीत टाकताना स्क्रीन अंगाकडे नको, ओल्या पानांजवळ तर अजिबात नको. सकाळी आईचा कॉल दोनदा म्यूट झाला होता तो दुर्वांमुळे. कोरड्या नॅपकिनमध्ये गुंडाळून, काच बाहेरच्या बाजूला ठेवून टाकला तर काही दाबलं जात नाही. आणि एका कानात इअरफोन घालणार असाल तर रस्त्याच्या बाजूचा कान मोकळा ठेवा. बाकी मनगटाला लावायच्या दोऱ्या, मागे चिकटवायच्या कड्या, अंगठ्यापर्यंत खाली येणारी स्क्रीन, हे सगळं मी वापरून पाहिलंय. भाजीला चालतं, गणपतीला नाही.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. दोन्ही हातांनी, मघाशी मी पाट धरला होता तसा. दादाला मूर्ती दाखवली, मखर दाखवलं, केवडा दाखवला. ''आतून काळा नाहीये ना?'' त्याने विचारलं. ''नाही रे, बघून आणलाय तिने,'' आई म्हणाली. तो काही मी बघून आणला नव्हता, पण मी बोलले नाही.

मग ती म्हणाली, ''आता जा, उशीर होतोय तुला, आम्हाला हरतालिकेची पूजा करायचीय.'' आणि लाल बटण दाबायला गेली. बोटावर कुंकू आणि ताम्हनातलं पाणी. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं, काही होईना. स्क्रीनवर लाल डाग पसरला.

''बंद होत नाहीये गं,'' आई माझ्याकडे बघून म्हणाली.

''राहू दे आई,'' दादा म्हणाला, ''तसाच ठेव.''

तिने फोन चौरंगाजवळ समईला टेकवून उभा केला आणि पूजेला बसली.